पाऊस परतल्यावरची परसबाग: खताचा ढीग आणि वाफ्यांची डागडुजी

देशावर पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. उन्हाचा चटका वाढतो, पण वीतभर खाली जमिनीत अजून ओल असते. दोडक्याचे, काकडीचे वेल पिवळे पडलेले असतात, बांधाकडेला कमरेएवढं तण माजलेलं असतं आणि मेथी-पालकाला जागा करून द्यायची घाई असते. दसरा ते दिवाळी हे वीसेक दिवस परसबागेत फार मोलाचे. या दिवसांत रचलेला ढीग संक्रांतीच्या पुढेमागे खत होऊन हाती येतो, आणि उन्हाळी भेंडी, गवार, काकडी लावायला नेमकं तेव्हाच खत लागतं.

एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. कंपोस्टबद्दलचा पुष्कळ सल्ला थंड देशांतून आलेला आहे. तिथे ऑक्टोबर म्हणजे पानगळ, वाळलेल्या पानांची रेलचेल. आपल्याकडे पानगळ पौषापासून फाल्गुनापर्यंत होते. ऑक्टोबरात आपल्या हाताशी असतं ते सगळं ओलं, हिरवं, पाण्यानं भरलेलं. त्याचाच ढीग रचला तर आठ दिवसांत काळा चिखल होऊन वास मारतो. दुसरीकडे नोव्हेंबरपासून हवा इतकी कोरडी होते की चांगला रचलेला ढीगही वरून आत सुकत जातो आणि कुजणं थांबतं. म्हणजे आपल्याकडचा ढीग बिघडतो तो पाण्यापायी: आधी जास्त झाल्यानं, मग कमी पडल्यानं. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

काय काढायचं, काय ढिगात जाऊ द्यायचं नाही

संपलेले वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. चवळी, घेवडा, वाल यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात. त्या जमिनीतच राहू द्या. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी मात्र मुळासकट उपटा आणि मूळ बघा. मुळांवर मण्यांसारख्या फुगीर, मुळापासून सुट्या न होणाऱ्या गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमी आहे. चवळीवरच्या नत्राच्या गाठी नखानं सहज निघतात आणि फोडल्या तर आतून गुलाबी दिसतात; हा फरक लक्षात ठेवला की गोंधळ होत नाही. सूत्रकृमीची मुळं, तसंच मर रोगानं अचानक कोमेजून गेलेली झाडं ढिगात घालू नका. मरची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते आणि घरगुती ढीग सगळीकडे सारखा तापत नाही. ही झाडं काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा आणि नंतर कचऱ्यात द्या, बागेत परत आणू नका. काकडीवर्गीय वेलांवरची भुरी आणि भेंडीवरचा केवडा यांची तेवढी भीती नाही. भुरीची बुरशी आणि केवड्याचा विषाणू जिवंत झाडावरच जगतात. फक्त केवडा पसरवणारी पांढरी माशी पानाखाली असते, म्हणून असं झाड उपटल्यावर वाफ्यावर पडू न देता लगेच तोडून ढिगाच्या मध्यात घाला.

तणांत तीन नावं त्रासाची. गाजरगवताला ऑक्टोबरात पांढरी फुलं आलेली असतात, आणि एका झाडाला हजारांनी बी धरतं. फुलापूर्वीचं गाजरगवत ढिगाला चालतं, फुललेलं अजिबात नाही. ते उपटताना हातमोजे आणि लांब बाह्या हव्यातच, कारण त्यानं त्वचेला खाज, पुरळ आणि काहींना दम्याचाही त्रास होतो. हराळीच्या काड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी ओल्या ढिगात मरत नाहीत, उलट खताबरोबर सगळ्या वाफ्यांत पोचतात. त्या पत्र्यावर किंवा फरशीवर पातळ पसरून काडी कटकन मोडेपर्यंत आणि गाठ सुरकुतून टणक होईपर्यंत वाळवा. ऑक्टोबरच्या उन्हात दोनेक आठवडे धरून चाला. केना प्रत्येक पेराला मुळं फोडतो, म्हणून तोही आधी सुकवून मगच ढिगात घाला. आघाडा आणि टाकळा बी धरायच्या आत कापला तर उत्तम हिरवा माल.

कोरडा माल कुठून आणायचा

कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन आणि नत्र साधारण 25 ते 30 भागांस एक या प्रमाणात लागतं. कोवळं गवत, भाजीची देठं, शेण यांत नत्र भरपूर. वाळकी पानं, पेंढा, जाड खोडं यांत कार्बन. घमेल्याच्या मापात सांगायचं तर एक घमेलं हिरवं असेल तर दोन घमेली कोरडं.

इथे एक चूक वारंवार होते. हिरवं तण चार दिवस उन्हात टाकलं की ते कोरड्यात मोजलं जातं. पण वाळवल्यानं पाणी जातं, नत्र जात नाही. वाळलेलं कोवळं गवत हिशोबात हिरवंच धरा. खरा कोरडा माल म्हणजे ज्यात काष्ठ आलंय तो: मक्याची ताटं, भेंडी-अंबाडीची जून खोडं, सोयाबीनचं भुसकट, भाताचा पेंढा, उसाचं पाचट. सोयाबीनची मळणी याच दिवसांत होते आणि गाव जवळ असेल तर भुसकट सहज मिळतं. शहरात असाल तर खोक्यांचा पुठ्ठा घ्या. चिकटपट्टी काढा, तळहाताएवढे तुकडे करा आणि रात्रभर भिजवा. लाकडाचा भुसा फार सावकाश कुजतो आणि कार्बननं गच्च असतो, त्यामुळे एकूण कोरड्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. प्लायवुडचा भुसा तर नकोच, त्यात डिंक आणि रसायनं असतात.

ढीग रचायचा कसा

साडेतीन फूट लांब, साडेतीन फूट रुंद, चार फूट उंच. तीन फुटांपेक्षा लहान ढीग आतली ऊब धरू शकत नाही, आणि पाच फुटांपेक्षा उंच असेल तर स्वतःच्या वजनानं दबून आतली हवा कोंडते. जागा अर्धवट सावलीची, पाणी न साचणारी, झाडाच्या बुंध्यापासून दोन-तीन हात दूर. खड्डा खणू नका. खड्ड्यात हवा कमी पोचते आणि परतीचा एखादा पाऊस उशिरा आला तर तळी होते.

एवढ्या ढिगाला अंदाजे साठ घमेली कोरडं, तीस घमेली हिरवं आणि वीस-पंचवीस किलो ताजं शेण लागतं. शेण मिळत नसेल तर जुन्या खताची तीन-चार घमेली चालतील. विरजणाचं काम तेही करतं. सगळा माल कोयत्यानं दोन ते चार इंचांचा तोडा. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण न तोडलेल्या लांब वेलांचा ढीग पुढे परतताच येत नाही. फावडं अडकतं आणि सगळा गुंता उचलून येतो.

तळाला सहा इंच तुराट्या, पऱ्हाट्या किंवा जाड काटक्या आडव्या-उभ्या घाला, म्हणजे खालून हवा खेळेल. त्यावर सहा इंच भिजवलेला कोरडा माल, त्यावर तीन इंच हिरवा. मग शेणकाला: बादलीभर पाण्यात शेण कालवून ते थरावर सारखं शिंपडा. ओंजळभर बागेची माती भुरभुरा, आणि पुन्हा कोरडा थर. माल पायानं तुडवून दाबू नका. कोवळं कापलेलं गवत जाड थरात घातलं तर त्याची चिकट चटई होते, म्हणून ते कोरड्यात हातानं मिसळूनच घाला. शेवटचा थर नेहमी कोरड्याचा असू द्या. चिलटं आणि माश्या त्यामुळे कमी होतात.

चुना घालायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. घालू नका. चुन्यानं नत्राचा अमोनिया होऊन हवेत उडतो, म्हणजे ज्यासाठी खटाटोप तेच जातं. शिजलेलं अन्न, तेलकट उष्टं, मासळी-मटणाचे अवशेषही उघड्या ढिगात नकोत. त्यानं घुशी येतात.

ओलीची परीक्षा हातानं करा. मधला माल मुठीत घेऊन जोरात पिळा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर जास्त. हात ओला झाला पण थेंब नाही आला, तर आणखी पाणी हवं. ढीग झाल्यावर वरून ओलं गोणपाट टाका आणि त्यावर नारळाच्या झावळ्या किंवा पाचट. प्लॅस्टिकनं घट्ट झाकू नका. अवकाळी पाऊस आला तर तेवढ्यापुरता कागद टाका आणि पाऊस थांबला की काढा.

पुढचे सहा आठवडे

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढीग तापायला लागतो. हातभर लांबीची लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. हाताला क्षणभरच धरवते एवढी गरम असली की आत 55 ते 60 अंश सेल्सिअस तापमान आहे असं समजा. या उष्णतेत काही दिवस राहिलं तर तणाचं बहुतेक बी मरतं. म्हणूनच परतणं महत्त्वाचं, कारण कडेचा माल तेवढा तापत नाही. आठव्या दिवशी पहिल्यांदा परता आणि त्यानंतर दर दहा दिवसांनी, असं एकूण चारदा. बाहेरचा माल आत, आतला बाहेर. परतताना जिथे कोरडं दिसेल तिथेच पाणी मारा. वरून ओतलेलं पाणी एकाच वाटेनं खाली निघून जातं आणि मध्य कोरडाच राहतो.

परतायच्या आधी ढिगावर आणि भोवती काठीनं आपटा, मग पाच मिनिटं थांबा. पायात बूट हवेत, आणि हात घालायचा तो फावड्यानं किंवा पंजानं मोकळं केल्यावरच. उबदार, ओलसर, उंदीर-पालींच्या जवळची जागा सापांना आणि विंचवांना आवडते. घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्या भागात आहेत, आणि पाऊस संपल्यावरच्या पाचोळ्यात त्यांचा रंग दिसतही नाही.

नोव्हेंबर लागला की दर चार-पाच दिवसांनी मूठ-परीक्षा करा. ढिगाला मुंग्या लागल्या तर तो कोरडा पडलाय. वाळवी दिसली तरी तेच. फोडल्यावर आत राखेसारखा पांढरट थर दिसला तर घाबरायचं कारण नाही, ते कुजवणारेच सूक्ष्मजीव आहेत. पण सगळा गाभाच राखाडी आणि भुसभुशीत कोरडा झाला असेल तर ढीग जास्त तापून सुकलाय. पूर्ण उलगडून, प्रत्येक थर भिजवून पुन्हा रचावा लागेल.

सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे पाणी जास्त आणि हवा नाही. उलगडा, अर्धा दिवस सावलीत पसरा, दहा-पंधरा घमेली कोरडा माल मिसळून पुन्हा रचा. डोळ्यांत झोंबणारा वास असेल तर तो अमोनिया, म्हणजे हिरवं किंवा शेण जास्त. त्यालाही कोरड्याचीच जोड द्या, पाण्याची नको. ढीग तापतच नाही आणि वासही नाही, तर बहुधा तो लहान आहे, कोरडा आहे किंवा त्यात नत्र कमी आहे. मूठ पिळून ओल ठीक निघाली तर चार-पाच किलो शेणाचा काला घालून परता, तीन दिवसांत फरक कळतो. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर त्या भुंग्यांच्या असतात. त्या कुजलेला माल खातात, पण खताबरोबर वाफ्यात गेल्या आणि त्यांत हुमणी असली तर मुळं कुरतडते. खत चाळताना वेचा आणि कोंबड्यांना किंवा साळुंक्यांना टाका.

गांडुळं या ढिगात सोडायची घाई नको. 35 अंशांच्या वर ती तगत नाहीत. चौथं परतणं झालं, सळई थंड निघाली, की मग सावलीतल्या वेगळ्या वाफ्यात हा अर्धवट खताचा माल आणि गांडुळं एकत्र करा.

परतणं जमणार नसेल तर नाडेप

वय झालेल्या किंवा पाठीचा त्रास असलेल्या माणसांनी परतायच्या ढिगाच्या नादी लागू नये. त्यांच्यासाठी नाडेप, म्हणजे विटांच्या टाक्यात न परतता खत करायची पद्धत, चांगली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली आणि नाव त्यांच्याच आद्याक्षरांवरून पडलं. मूळ टाकं दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. नऊ इंची विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं. त्याला साधारण 1400 ते 1500 किलो काडीकचरा, 90 ते 100 किलो शेण, 1750 किलो चाळलेली कोरडी माती आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी लागतं.

परसबागेला पाच फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच टाकं पुरतं. ते बरोबर पाव आकाराचं आहे, म्हणून सगळी मापं चारानं भागा: 350 किलोच्या आसपास काडीकचरा, 25 किलो शेण, 430-440 किलो माती, 400 ते 500 लिटर पाणी. सिमेंट न वापरता विटा नुसत्या रचल्या तरी चालतं, फक्त दर दोन थरांनंतर विटांत फट ठेवा. सहा इंच कचरा, त्यावर शेणकाला, त्यावर मातीचा पातळ थर, असं भरत टाक्याच्या वर दीड फूट झोपडीसारखं रचा आणि तीन इंच मातीनं झाकून शेणामातीनं लिंपा. पंधरा-वीस दिवसांत आठ-नऊ इंच बसतं, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचं. लिंपण तडकलं की त्यातून ओल जाते. तडे दिसले की शेणपाण्यानं बुजवा. तीन ते चार महिन्यांत खत. माती जास्त असल्यानं हे खत वजनदार होतं.

कोकणात आणि गोव्यात पेंढ्याची ददात नाही, कारण भातकापणी याच सुमाराला येते. तिथली काळजी वेगळी आहे. नारळाजवळच्या शेणखतात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि पुढे नारळाचा कोंब पोखरतो. ढीग माडांपासून लांब ठेवा आणि परतताना अळ्या वेचल्याशिवाय राहू नका.

वाफे

ढीग रचून झाला की जमिनीकडे वळा, पण वाफसा आल्याशिवाय कुदळ घालू नका. चार इंच खालची माती घेऊन लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. चपटा होऊन चिकटला तर अजून दोन दिवस थांबा. ओली काळी माती खणली की तिची ढेकळं होतात आणि ती हिवाळाभर फुटत नाहीत. उलट जास्त थांबलात तर भेगा पडून ती दगडासारखी होते. हलक्या मुरमाड जमिनीला हा काच कमी, भारी काळ्या जमिनीत वाफसा जेमतेम चार-सहा दिवस टिकतो.

पावसाळ्यातले गादीवाफे आता पालेभाजीसाठी मोडा. उंचवट्यावरची ओल हिवाळी वाऱ्यात लवकर उडते. मेथी, पालक, कोथिंबीर यांना सपाट वाफे, टोमॅटो-कोबी-फ्लॉवरला सरी-वरंबा. वाफ्याची रुंदी चार फूट ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि मधे पाय पडत नाही. भाजीपाल्याला हेक्टरी 20 टन खत हे नेहमीचं माप; गुंठ्याला ते 200 किलो, आणि दहा फूट बाय चार फुटांच्या वाफ्याला साडेसात किलो, म्हणजे एक घमेलंभर. ऑक्टोबरात नवं खत तयार नसणार, तेव्हा गेल्या वर्षीचं वापरा. ताजं शेण किंवा अर्धवट कुजलेला माल मात्र नको: जिवाणू कुजवायला जमिनीतलंच नत्र खेचतात, रोपं पिवळी पडतात आणि शेणाच्या वासानं हुमणीचे भुंगे अंडी घालायला येतात.

रोपं वीतभर झाली की दोन-तीन इंच पाचटाचं आच्छादन करा, खोडाभोवती दोन बोटं मोकळी सोडून. वाळवीचा त्रास असलेल्या जमिनीत आच्छादन कोरडं पडू देऊ नका.

ठिबक असेल तर पहिल्यांदा चालू करण्याआधी गाळणी उघडून घासा, मग प्रत्येक नळीचं शेवटचं टोक एकेक करून सोडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. सगळी टोकं एकदम सोडली तर दाब कमी पडतो आणि शेवाळ आतच राहतं. मांडवाचे बांबू उपटून जमिनीत गेलेलं टोक बघा. नख रुतत असेल तेवढं कापून टाका आणि उरलेला बांबू आडवा, विटांवर ठेवा. विळा, खुरपं, कुदळ यांचा गंज विटेच्या तुकड्यानं घासून तेलाचा हात फिरवा, दांड्यांना जवसाचं तेल चोळा. दोडक्याची, भोपळ्याची, भेंडीची बियाणासाठी राखलेली फळं वेलावरच वाळू द्या, बी सावलीत सुकवा, राखेत घोळून काचेच्या बरणीत भरा.

खत झालं का

जानेवारीत ढीग मूळ उंचीच्या तिसऱ्या हिश्शावर येतो, रंग काळपट तपकिरी होतो आणि पहिल्या पावसासारखा मातीचा वास येतो. तरी खात्री करा. मूठभर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर आणखी पंधरा दिवस लागतील. दुसरी परीक्षा मेथीची. एका कुंडीत निम्मं खत आणि निम्मी माती, दुसरीत नुसती माती घेऊन दोन्हींत दहा-दहा दाणे टोचा. आठवड्यानं खताच्या कुंडीत कमी उगवले किंवा पानांच्या कडा जळाल्या, तर ते कच्चं आहे. पक्कं झालेलं अर्ध्या इंचाच्या चाळणीतून चाळा. वर राहिलेल्या काड्या टाकू नका, त्या पुढच्या ढिगात विरजण म्हणून जातात.

आणि याच दिवसांत साग, कडुनिंब, पिंपळ, बदाम यांची पानं गळू लागतात. ती जाळली जातात त्याआधी गोळा करा. वाळकीच पोत्यांत दाबून भरा, तोंड बांधा आणि विटांवर, पागोळ्यांचं पाणी लागणार नाही अशा जागी रचून ठेवा. एका ढिगाच्या साठ घमेल्यांतली निम्मी तरी पानांची असावीत असं धरलं, तर दाबून भरलेली दहा-बारा पोती ऑक्टोबरपर्यंत पुरतात. उंदीर लागू नयेत म्हणून महिन्यातून एकदा पोती हलवा.